नमुना क्रमांक अकरा

अहवालाच्या सत्ताविसाव्या पानावर एक तक्ता आहे. त्यात चौदा ओळी आहेत आणि अकराव्या ओळीत माझ्या वडिलांचं नाव आहे : हर्कहाङ लिम्बू. नावापुढे गाव. गावापुढे ‘ताजं फळ, सावलीत वाळवलेलं’. त्यापुढे तेलाचं प्रमाण, ०.९ टक्के. मग पाच जातींच्या जंतूंचे पाच रकाने, आणि पाचही रकान्यांत एकच आकडा, सहा. शेवटी शेरा : जंतुरोधक गुण नाही. शिफारस नाही.

सहा म्हणजे सहा मिलिमीटर. टीपकागदाची टिकली तेलात भिजवून जंतू वाढवलेल्या थाळीवर ठेवतात. तेलात दम असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात, स्वच्छ कडं उमटतं, आणि त्या कड्याचा व्यास मोजतात. टिकली स्वतःच सहा मिलिमीटरची असते. म्हणजे सहा हा आकडा तेलाचा नाहीच, कागदाचा आहे. मी सिक्कीममधल्या जोरथांगच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला हे वाचता येतं. आपांना, माझ्या वडिलांना, येत नव्हतं. त्यांना ते मीच वाचून दाखवलं.

बारा वर्षांपूर्वी आमच्या उतारावरची सगळी मोठी वेलची रोगाने गेली. आधी पानांवर पिवळट रेघा आल्या, मग बुंध्यापाशी खुरट्या कोंबांचे झुबके, मग काहीच येईना. लोकांनी बेटं उपटून जाळली. ओढ्याच्या वरच्या अंगाला उतीसच्या झाडाखाली आमचं एक बेट तेवढं हिरवं राहिलं. आपांनी वर्षभर ते नुसतं पाहिलं. मग कंद फोडून दोन जागी लावलं, पुढच्या वर्षी पाच जागी. असं करत अकरा वर्षांत त्यांनी अख्खा उतार भरला. त्यांनी कुणाला एक कंद दिला नाही. लोक चिक्कू म्हणाले. आपा म्हणायचे, “रोग लपून बसतो. बारावं वर्ष सरू दे. दुसऱ्याच्या वावरात मी मरण लावणार नाही.”

बारा वर्षं भरत आली तेव्हाच शेती खात्याने ठरवलं की आमच्या खोऱ्यासाठी एक रोपवाटिका करायची. जी वेलची शिफारशीच्या यादीत असेल तिचेच कंद घ्यायचे. तीन कसोट्या होत्या : पीक, रोग आणि तेल. पहिल्या दोन्हींत आपांची वेलची सगळ्यांत वर होती. तिसरी गंगटोकच्या प्रयोगशाळेत झाली, आणि तीत ती नापास झाली. यादी ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला बंद व्हायची होती. त्यानंतर कंद बाहेरून येणार होते, ज्या भागात पानांवर अजून पिवळ्या रेघा दिसतात तिथून.

अहवाल फेब्रुवारीत आला. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून मी तो वाचला, इंग्रजीतून आमच्या भाषेत आणत. आपांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“कुठल्या पिशवीवरून केलं म्हणे?”

“तुम्ही पाठवलीत तिच्यावरूनच, आपा.”

“हं. वास नाही आला त्यांना?”

“वासाचं काही लिहिलेलं नाही.”

मला दुसऱ्या दिवशी शाळा होती, सकाळची जीप धरायची होती. त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही नीट ऐकले असते तर पुढचं टळलं असतं, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

दाढ दुखली की आमच्या गावातले लोक आपांकडे यायचे. ते वेलचीचे दाणे कुटून हिरडीत दाबायला द्यायचे. गाईच्या तोंडाला फोड आले तरी तेच. “किडा मरतो,” इतकंच सांगायचे. त्यामुळे अहवालाची बातमी पसरली तेव्हा खालच्या घरचा बीरमान हाटात, भर गर्दीत म्हणाला, “हर्कदाइ, तुमच्या अलैंचीत म्हणे किडा मजेत राहतो! आता त्याच्याकडून भाडं तरी घ्या.” सगळे हसले. आपाही हसले. आमा, माझी आई, सांगते, त्या दिवसापासून घरी कुणी आलं तर ते म्हणायचे, “नुसता चहा दे.” आमच्याकडे पाहुण्याच्या चहात घरचे चार दाणे कुटून टाकल्याशिवाय चहा खाली उतरत नाही. मी जन्मल्यापासून तसा नुसता चहा आमच्या घरात कुणाला दिलेला पाहिला नव्हता.

एप्रिलमध्ये आपा गेले. त्या अहवालाने गेले असं मी म्हणत नाही. त्यांना रक्तदाब होता आणि गोळ्या ते आठवण झाली तर घेत.

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी तोडणीसाठी घरी गेले. आपांशिवायचा पहिला हंगाम. भट्टीवर दिलहाङकाका होता, आपांचा धाकटा भाऊ. आमची भट्टी म्हणजे कंबरभर उंचीच्या दगडी भिंती, वर बांबूचा तट्टा, तट्ट्यावर वीतभर थर बोंडांचा, आणि खाली ओल्या लाकडांचा धूर. काका लांब दांड्याने थर परतत होता, मी देठ खुडत होते.

“किती वेळ ठेवायचं, काका?”

“चोवीस तास. दादा असता तर म्हणाला असता, अजून जरा. त्याचं कधी समाधान व्हायचं? तुझ्या त्या नमुन्याला तर अठ्ठावीस तास बसवलंन् मला इथे. म्हणे, दिल्या, आच वाढवू नको, सरकारात जायचंय.”

माझे हात थांबले. “कुठल्या नमुन्याला?”

“कुठल्या म्हणजे? गंगटोकला पाठवला तो! एकेक बोंड निवडलेलं. काळं कुळकुळीत, बुटाला पॉलिश केल्यासारखं. तुला सांगतो कान्छी, असा माल मी परत पाहिला नाही.”

“काका, त्यांना कच्चं फळ हवं होतं. सावलीत ते स्वतः वाळवणार होते.”

“कच्चं?” काकाने दांडा खाली ठेवला. “कच्चं कोण देतं गं बाहेरच्याला? तू पाहुण्याच्या ताटात तांदूळ धुऊन वाढतेस का?”

आमच्याकडे असंच आहे. आगीला दाखवल्याशिवाय वेलची उंबऱ्याबाहेर जात नाही. ओलं फळ तीन दिवसांत कुजतं आणि नाव देणाऱ्याचं जातं, मूळ कारण हे असेल. पण आता ती लाजेची गोष्ट आहे. कच्चं हातावर ठेवणं म्हणजे समोरच्याला, तुझ्यासाठी मी लाकूड जाळणार नाही, असं सांगणं. मी याच घरात वाढले. आणि गेल्या ऑक्टोबरात दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत फोन करून मी आपांना सांगितलं होतं, “दोन किलो फळ पाठवा, निवडक. जीपवाल्याकडे द्या. कदाचित त्यांचा फोन येईल तुम्हाला.” कच्चं पाठवा, हे सांगायचं मला सुचलंच नाही. आणि कच्चं पाठवावं, हे त्यांना सुचणं शक्य नव्हतं. पिशवी निघायला दोन दिवस उशीर का झाला, हेही मी विचारलं नव्हतं.

भट्टीत वेलची जितकी जास्त वेळ राहते तितकं तिच्यातलं तेल धुराबरोबर निघून जातं. हे मी अकरावीला शिकवते; वेलचीचं उदाहरण नसतं, पण तत्त्व तेच. आपांनी सर्वांत मन लावून जो नमुना भाजला, त्यातच तेल सर्वांत कमी राहणार होतं.

पण मला राग याचा आला नाही. राग आला तो ‘सावलीत वाळवलेलं’ या दोन शब्दांचा. अठ्ठावीस तास धुरात बसलेली वेलची ज्या खोलीत उघडली जाईल त्या खोलीला आठवडाभर वास राहतो. कुणीतरी ती पिशवी उघडली होती. काळी बोंडं हातात घेतली होती. आणि तरी लिहिलं, सावलीत वाळवलेलं.

सोमवारी मी गंगटोकला गेले.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. शाक्य सभ्य माणूस आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मिस, आमच्याकडे येतं ते आम्ही तपासतो. कोणाच्या घरी काय रीत आहे ते आम्हाला कसं कळणार?”

“नाकाने,” मी म्हटलं.

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी बाहेर हाक मारली. “चोडेन, मागच्या वर्षीची अलैंचीची फाइल आण. आणि नोंदवहीही आण.”

चोडेन तिथली तंत्रज्ञ. तिशीची असेल, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिने फाइल टेबलावर ठेवली, नोंदवही मात्र हातातच धरून उभी राहिली. डॉक्टरांनी अकरा नंबरचा अर्ज काढून माझ्याकडे फिरवला.

निळ्या शाईत माझंच अक्षर होतं. नमुनादाराचं नाव, हर्कहाङ लिम्बू. गाव. फोन नंबर. ‘फळाची स्थिती’ या ओळीत दोन चौकोन होते. ‘ताजं, प्रक्रिया न केलेलं’ या चौकोनात मी बरोबरची खूण केली होती. अर्ज इंग्रजीत होता म्हणून तो शाळेतच माझ्याकडे आला होता, आणि पिशवी जीपने गावाहून परस्पर गेली होती. पिशवीत काय असेल याची मला इतकी खात्री होती की ती पाहावी असं मला वाटलंच नाही.

“हे कुणी भरलं, मिस?”

“मी.”

“मग?”

सहा तासांच्या वाटेत जीपमध्ये मी जी वाक्यं जुळवली होती, ती सगळी मलाच लागू होत होती. मी अर्ज परत त्यांच्याकडे सरकवला.

“सर,” चोडेन म्हणाली, “अकरा नंबरला शेरा आहे.”

“राहू दे, चोडेन.”

“दिदी, वाचू का?” हे तिने मला विचारलं, त्यांना नाही.

“वाच.”

“‘नमुना अकरा. फळ काळं. धुराचा उग्र वास. भट्टीतलं वाटतं, अर्जाशी जुळत नाही. नमुनादाराला विचारावं.’ खाली तारीख आहे, पिशवी आली त्याच दिवसाची. सही माझी.”

“मग विचारलंत?”

“मी लिहून सरांकडे पाठवलं. फोन करायची परवानगी मला नाही.” तिने पान उलटलं. “तेल इतकं थोडं निघालं की पाच थाळ्यांना पुरेना. पातळ करून लावायला सांगितलं. तेही लिहिलंय मी.”

डॉ. शाक्य चष्मा पुसू लागले. “मिस, चौदा नमुने होते. मुदत डोक्यावर. एकेकाला फोन करत बसलो असतो तर—”

“एकालाच करायचा होता.”

आमाने मला मागे सांगितलं होतं, आणि मी तेव्हा हसले होते. नमुना पाठवल्यावर तीन आठवडे आपा ओढ्याकडे गेले नाहीत, कारण तिथे फोन लागत नाही. बटणांचा छोटा फोन खिशात घालून ते अंगणात बसून टोपल्या दुरुस्त करायचे. कुणी विचारलं की सांगायचे, गंगटोकहून विचारणा यायची आहे. प्रयोगशाळेतून कुणी एवढंच विचारलं असतं, दाजु, हे भट्टीतलं आहे का? आणि आपांनी अभिमानाने सांगितलं असतं, हो, अठ्ठावीस तास. तेवढ्याने झालं असतं.

“पुन्हा तपासा,” मी म्हटलं. “यादी एकतीसला बंद होते.”

“तपासू की. फक्त एक पत्र लागेल.” त्यांनी कोरा कागद पुढे केला, जणू अडचण सुटली होती. “लिहा, नमुनादाराने चुकीची माहिती दिल्यामुळे फेरतपासणी व्हावी.”

“नमुनादार माझे वडील.”

“कागदावर तसंच आहे ना.”

“ते एप्रिलमध्ये वारले.”

“अरेरे. मला कल्पना नव्हती.” त्यांना खरंच वाईट वाटलं, मी चेहरा पाहत होते. मग ते म्हणाले, “मग तर त्यांची काही हरकत असायचं कारण नाही.”

माणसं हे असं सहज बोलतात. त्यात दुष्टपणा नसतो, एक काम मार्गी लावायचं असतं. पण मी आयुष्यात कुणाला मारायला उठले असेन तर त्या क्षणी. मी कागद ओढला आणि लिहिलं : ‘अर्ज मी, फुङमा लिम्बू, हिने नमुना न पाहता भरला. त्यातली चुकीची माहिती माझी आहे, नमुनादाराची नाही. नमुना भट्टीतला असावा, अशी नोंद प्रयोगशाळेने त्याच दिवशी केली होती. तरी विचारणा केली नाही, आणि अहवालात सावलीत वाळवलेलं असं छापलं.’

डॉ. शाक्यांनी दोनदा वाचलं. “पहिली दोन वाक्यं ठीक आहेत. उरलेली काढा.”

“नाही.”

“मिस, तुम्हाला यादी हवी आहे की भांडण?”

“यादी. पण खोटं लिहून नको. एकदा लिहून पाहिलं.”

“मग ठेवून जा. बघू.”

जिन्यापाशी चोडेनने मला गाठलं. “दिदी, पत्राचं ते बघत बसतील. तुम्ही कच्चं फळ आणा. आठ दिवस सावलीत वाळायला लागतील, मग मी तेल काढते. माझ्या इतर कामात बसवीन.” मग हळूच म्हणाली, “स्वतः आणा हं. जीपवाल्याकडे देऊ नका.”

“तुला त्रास होईल.”

“होऊ दे. एवढं सुंदर भाजलेलं होतं ते. मी माझ्या आमाला दाखवायला चार दाणे घरी नेले होते.”

गावी पोचले आणि काकाला सांगितलं. तो भट्टीपाशीच होता.

“मी कापणार नाही,” तो म्हणाला. “दादाच्या घरातून कच्चं जाणार नाही. तू शिकलेली आहेस, तुला हवं ते कर, पण माझ्या छुरीने नको.”

“काका, त्याशिवाय ते तपासू शकत नाहीत.”

“मग नका तपासू म्हणावं! आम्ही बोलावलं होतं? बारा वर्षं रोग नाही, हे दिसत नाही त्यांना? तेल मोजतात! गाईला विचारा म्हणावं तेलाचं.”

“गाईची सही चालत नाही.”

“तुझी तरी चालली का?”

अर्जाचं मी त्याला सांगितलं होतं. त्याने तोवर त्यावर एक शब्द काढला नव्हता, हा पहिला.

आमा दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि आपांची छुरी घेऊन आली, वेलची कापायची अरुंद पात्याची.

“भाउजू!” काका वहिनीवर ओरडला. “तुम्ही तरी!”

“तो आयुष्यभर रीत पाळत आला,” आमा म्हणाली. “त्याला काय दिलं त्यांनी? सहा. पाच वेळा सहा.” आमाला अक्षर येत नाही. तो आकडा तिला पाठ आहे हे मला माहीत नव्हतं. “मला तो आकडा पुसून हवाय, दिल्या. मग तुझ्या भट्टीत तू तीस तास धूर दे.”

ती उतारावर गेली, बुंध्यात वाकली, आणि पिकलेले तांबडे झुबके कापून पाठीवरच्या डोकोत, बांबूच्या टोपलीत, टाकत राहिली. मी पानं पसरून गाठोडं बांधलं. निघताना तिने ते माझ्या हातून घेतलं आणि चुलीवरून एकदा फिरवलं, आच लागणार नाही इतक्या उंचावरून.

“तेवढ्याने काय होतंय?” काका बाहेरून म्हणाला.

“माझं होतंय,” आमा म्हणाली.

बावीस तारखेला चोडेनने फळ कुटून काचेच्या गोल भांड्यात पाण्याबरोबर उकळायला लावलं. मी रजा काढून गेले होते. तिने मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. वाफ नळीतून वर जायची, थंड होऊन खाली टपकायची, आणि अरुंद मापनळीत पाण्यावर फिकट पिवळा थर चढत राहायचा. तीन तास. वास आधी कापरासारखा, मग निलगिरीसारखा, मग आमच्या स्वयंपाकघरासारखा. चोडेनने डोळा नळीच्या पातळीला आणून वाचलं, “दोन पॉइंट सात.”

दुसऱ्या यंत्राने तेलाचे घटक वेगळे करून दाखवले. जवळजवळ दोन तृतीयांश सिनिओल, निलगिरीत असतो तोच. मग टर्पिनिओल, लिमोनीन, पाइनीनच्या दोन जाती आणि बरंच किरकोळ. ही नावं मी कॉलेजात पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती. सुट्टीत घरी येऊन आपांच्या शेजारी बसून देठ खुडले होते, आणि एकदाही त्यांना सांगितलं नव्हतं की तुम्ही म्हणता तो किडा मारणाऱ्याला हे नाव आहे. ते कुतूहलाने ऐकत बसले असते. त्यांना नावं आवडायची.

तेवीसला सकाळी थाळ्या बाहेर आल्या. जंतूंची साय दुधाळ, एकसारखी, आणि टिकल्यांभोवती खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ कडी. चोडेन पट्टी लावून सांगत गेली, मी लिहीत गेले. सतरा. एकोणीस. चौदा. बारा. पाचव्या थाळीवर काही नव्हतं, टिकलीच्या कडेपर्यंत साय.

“सहाच,” ती म्हणाली, जरा खाली आवाजात.

“लिही सहाच.”

आपांनाही ते पटलं असतं. एकाच औषधाने सगळं बरं होतं असं ते कधी म्हणाले नाहीत.

डॉ. शाक्यांनी सुधारित पान एकोणतीस तारखेला दिलं. अकरावी ओळ, नवे आकडे, शिफारस आहे. मी उलटसुलट पाहिलं. खाली, मागे, कुठेच एक अक्षर जास्त नव्हतं. जणू ओळ पहिल्यापासून अशीच होती.

“बदल का झाला ते?”

“तुमचं पत्र फायलीत लावलंय, मिस.”

“सगळ्या वाक्यांसकट?”

“सगळ्या.” ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. “मी तितका वाईट माणूस नाही.”

“आणि अहवालात?”

“अहवालात पत्रं छापत नाहीत.”

यादी बंद व्हायला दोन दिवस होते. त्यांना ते ठाऊक होतं, मलाही. भांडले असते तर पान परत आत गेलं असतं आणि एक तारखेनंतर बाहेर आलं असतं. मी ते घेतलं. घेताना ‘थँक यू’ म्हणाले, सवयीने. त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. पान घेतल्याची नाही.

खात्याची माणसं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंद काढायला आली. रोपवाटिका बीरमानच्या खालच्या वावरात होणार होती, कारण पाणी तिथे होतं, म्हणून तोही आपल्या दोन भावांना घेऊन डोको आणि कुदळ्यांसकट उतारावर आला होता. गावातले वीसेक जण जमले होते. लोक मला म्हणत होते, कान्छी, छान केलंस, गंगटोकवाल्यांना वाकवलंस. मला ते ऐकवेना. मी सगळ्यांना सांगितलं. अर्ज माझा, खूण माझी, फोन करून कच्चं सांगायला विसरले ती मी. आणि वास येऊनही विचारलं नाही ते गंगटोकवाल्यांनी.

मग बीरमान म्हणाला, “म्हणजे हर्कदाइ शेवटचे दोन महिने मान खाली घालून हिंडले, ते तुझ्या एका खुणेमुळे?”

“हो,” मी म्हटलं. “आणि प्रयोगशाळेच्या एका फोनमुळे, जो त्यांनी केला नाही. आणि तुम्ही हाटात हसलात, तेही मी धरते.”

त्याचे भाऊ त्याच्याकडे बघायला लागले. तो बुंध्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि कुदळ बाजूला ठेवून हातांनी माती उकरू लागला, कारण कुदळीने कोंब दुखावतात. आमा त्याच्या डोक्यावर उभी राहून सांगत होती, निम्मं बेट ठेव, निम्मं काढ, मुळं ओढू नको. तो ‘हो भाउजू, हो भाउजू’ करत होता.

मी त्याला माफ केलं असं नाही. पण त्याच्या डोकोत कंद मीच रचले, ओल्या मातीसकट, कोंब वर करून, मध्ये पानं घालून; नाहीतर खालपर्यंत पोचेस्तोवर ते सुकले असते.